थर्माकोलचा पाळणा

"ओ, पाळण्याला हे काय लावताय?"

"थर्माकोल."

"ते दिसतंय मला. पोरीला सुरमईबरोबर मुंबईला पाठवायचंय काय?"

बायको सावित्रीचं हे बोलणं गंगाराम नागवेकरने पुढचा तुकडा कापता कापता ऐकलं. पाळण्याच्या आतल्या बाजूने तो पांढरे तुकडे मन लावून बसवत होता. मिरजोळ्याला मासळी गोठवायच्या कारखान्यात, कोल्ड स्टोरेजमध्ये, त्याने निवृत्त होईपर्यंत सगळी नोकरी काढली होती. थर्माकोल आतला गारवा बाहेर जाऊ देत नाही, तर आतली ऊब तरी का जाऊ देईल? तर्कात खोट नव्हती. घरातला निम्मा पसारा खोट नसलेल्या तर्कांनीच होतो.

रत्नागिरीत थंडी पडते हे रत्नागिरीबाहेर कोणी मानत नाही. पुण्याचा पाहुणा जानेवारीत इथे अर्ध्या बाह्यांत हिंडतो आणि आमच्या कानटोप्यांकडे बघून हसतो. पण यंदा धुकं कलमांच्या मोहोरावरून उतरायचं ते थेट पडवीत येऊन बसायचं, घरचंच असल्यासारखं. त्यातून माणसं चालली की पाय दिसत नसत. तरंगत आल्यासारखी वाटत.

अशाच एका सकाळी सून मृणाली बाळाला घेऊन दापोलीहून, माहेराहून आली होती. मुलगा विनीत बोटीवर, कुठल्याशा गरम समुद्रात. शमिका तीन महिन्यांची. आंघोळ, धुरी झाली की ती तासन् तास झोपायची, आणि ती झोपली की गंगारामचा जीव थाऱ्यावर नसायचा.

कारण झोप त्याने पुष्कळ पाहिली होती. कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं की पांढरी वाफ लोळत यायची, आणि आत ट्रेमध्ये ओळीने पापलेटं, डोळे उघडे ठेवून झोपलेली. आवाज नाही, वास नाही, वेळही नाही. त्या पांढऱ्या गावात गंगाराम दिवसभर फिरायचा. गारठ्यात झोपलेलं कोणी उठताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"मृणाली, हातपाय गार आहेत काय गो?"

"आहेत थोडे, बाबा."

मग एक स्वेटर. परत तोच प्रश्न, तेच उत्तर. मग मोजे, मग माकडटोपी, दुपटं, वर सावित्रीच्या लुगड्यांची गोधडी, आणि आज पायाशी गरम पाण्याची पिशवी. स्वतः मात्र तो बाळाला हात लावत नसे. विनीत झाला तेव्हा सावित्री एकदा म्हणाली होती, "त्या हातांनी पोराला शिवू नका, गारठेल." सावित्री ते दुपारपर्यंत विसरली. गंगारामने ते आयुष्यभर पाळलं. सरकारी नियमांच्या नशिबी इतकी निष्ठा नसते.

धुकं पातळ व्हायच्या सुमारास सरकारी आरोग्य खात्याची आशाताई श्रद्धा आली. बाळाची विचारपूस करायला ती वाडीत घरोघर फिरायची. पाळण्यात डोकावली आणि थबकली.

"काका, बाळ कुठाय?"

"हाय की. आत."

श्रद्धाने हसत हसत गोधडी काढली, मग पिशवी, मग टोपी. आत शमिका लालबुंद. जावळ घामाने कपाळाला चिकटलेलं. श्रद्धाचं हसणं थांबलं.

"वैनी, हिला आधी बाहेर घे. स्वेटर काढ."

दोन झबल्यांवर आल्यावर शमिकाने एक मोठा सुस्कारा टाकला आणि डोळे उघडून सगळ्यांकडे नाराजीने पाहिलं. मृणालीने तिला दूध पाजलं.

"हातपाय गार होते ना पण," गंगाराम पुटपुटला.

"ते असायचेच, काका. ऊब बघायची ती मानेपाशी, छातीवर. तिथे घाम आला की कपडे जास्त झाले. आपण घालतो त्याच्यावर एक कापड, बस. झोपताना टोपी नको, पिशवी नको, तोंडावर येईल असलं पांघरूण नको. उताणी झोपवा सपाट गादीवर. आणि हे थर्माकोल काढा. बाळ आहे ते, सुरमई नाय."

"मी हेच म्हणतेय सकाळपासून," सावित्री म्हणाली. गोधडी तिचीच होती, पण तो विषय तिने काढला नाही.

"या, हात लावून बघा," श्रद्धा म्हणाली. गंगारामने घाबरत दोन बोटं बाळाच्या मानेला टेकवली. "कळलं?"

"होय."

श्रद्धा पुढच्या घरी गेली, धुक्यात कमरेपर्यंत बुडून. गंगाराम पाळण्यातून थर्माकोल सोडवत राहिला. शेवटचा तुकडा हातात घेऊन म्हणाला,

"नाय कळलं गो."

"काय, बाबा?"

"बोटांना. गरम नाय, गार नाय. कारखान्यातच ठेवून आलो असणार."

न्हाणीत सावित्री भांडी घासत होती, तो आवाज थांबला. मृणालीने सासऱ्याच्या हातांकडे पाहिलं. रोज ताट वाढताना दिसायचे तेच हात.

"मग गाल लावा," ती म्हणाली. "गाल तर घरीच होते ना."

शमिका पेंगली होती. मृणालीने तिला सपाट गादीवर उताणी ठेवलं. गंगारामने चष्मा काढून खिशात घातला, वाकला, आणि गाल हलकेच तिच्या मानेपाशी टेकवला. तिथे दूध, तेल आणि वावडिंगाच्या धुराचा वास होता. खाली एक बारीक ठोका पडत होता, परत पडत होता.

"कशी आहे?" सावित्रीने दारातून विचारलं.

"बरोबर आहे."

सावित्रीने स्वतःच्या ओल्या हातांकडे पाहिलं. तिने पदराला हात पुसले आणि ती तशीच उभी राहिली.

थर्माकोलचे तुकडे परसात गेले, तिथे मांजरीने ते ताब्यात घेतले. पुढे थंडी असेतो शमिका झोपली की गंगाराम पाळण्यावर वाकलेला दिसे. चष्मा खिशात, गाल खाली. आणि दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरलेले.