असईच्या वीराची वंशावळ

त्र्यंबकराव दाभणकर ठाण्याच्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते. तारीख नसलेल्या कशातच त्यांना गोडी वाटत नसे. आमटी चांगली झाली म्हणाले, तर याआधी ती कधी चांगली झाली होती तेही सांगत. त्यामुळे कल्याणच्या घरी वडिलांचं, म्हणजे भाऊंचं, सहस्रचंद्रदर्शन ठरलं, तेव्हा पाहुण्यांना वाटायला त्यांनी घराण्याची वंशावळच छापून घेतली. शंभर प्रती, कडेने वेलबुट्टी, आणि प्रत्येक नावापुढे शक.

समारंभाला आठ दिवस असताना पहिली प्रत त्यांनी भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी चष्मा चढवून मोठ्याने वाचायला घेतली.

"विठ्ठल केशव. असईच्या लढाईत धारातीर्थी पडले, शके १७२५." भाऊंची छाती पुढे आली. वडिलांचं हे मरण त्यांना तोंडपाठ होतं. दर पितृपक्षात चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, ते त्यांचं श्राद्ध करत. सगळ्या आळीत असं श्राद्ध दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, याचा सूक्ष्म अभिमानही बाळगत.

मग त्यांनी पुढची ओळ वाचली. परत वाचली.

"केशव विठ्ठल ऊर्फ भाऊ. जन्म शके १७२९." त्यांनी चष्मा काढला. "त्र्यंबक, मधली चार वर्षं मी कुठे होतो रे?"

त्र्यंबकरावांनी आधी छापखान्याला दोष दिला. मग पत्रिका काढली. पत्रिकेत १७२९. लढाईचा शक तर शाळेतली पोरंही सांगतील. माजघरातून त्यांच्या पत्नी विमलाबाई बाहेर आल्या.

"ऐंशी वर्षं जे कोणी मोजलं नाही, ते तुम्ही मोजलंत. बरं मोजलंत तर मोजलंत, छापून कशाला आणायचं? आणि शंभर!"

"घाऊक स्वस्त पडत होतं," त्र्यंबकराव म्हणाले.

भाऊ रागावले नाहीत, तेच वाईट होतं. ते नुसते खिडकीपाशी जाऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, "मी बसणार नाही समारंभाला. नांदीश्राद्धात बापाचं नाव घ्यावं लागतं. कोणाचं घेऊ?"

"भाऊ, असं काय बोलता! आजी केवढी सात्त्विक बाई!"

"तिच्याबद्दल मी एक अक्षर बोललो का? मी माझ्याबद्दल विचारतोय."

त्र्यंबकराव पुन्हा पत्रिका चाळू लागले. वाट काढली ती विमलाबाईंनी. "आजेसासूबाईंचं माहेर नाशिकचं. लढाईची बातमी आली तेव्हा त्या माहेरीच होत्या, आणि पाच वर्षांच्या भाऊंना घेऊन कल्याणला आल्या त्या तिथूनच. मग तिथे विचारा की! तीर्थोपाध्यांकडे आपल्या कुळाची वही असेलच. जो यात्रेकरू जातो तो आपल्या हाताने नाव लिहितो."

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकराव नाशिकला पोचले. उपाध्ये सुपारी कातरत बसले होते. त्यांनी गाव आणि आडनाव विचारलं आणि माळ्यावरून लाल फडक्यातली लांबट वही काढली. ठाण्याच्या दप्तरात कागद सापडायला पंधरा दिवस लागत. इथे सुपारी संपायच्या आत पान सापडलं. त्र्यंबकराव मनातून जरा खजील झाले. पान वाचलं, आणि त्यांना हसावं की लपवावं कळेना. शेवटी ते उपाध्यांनाच वहीसकट कल्याणला घेऊन आले. पुरणपोळीचा शब्द दिल्यावर उपाध्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत.

ओसरीवर वही उघडली. उपाध्ये वाचू लागले.

"शके १७३३. विठ्ठल केशव दाभणकर, पूर्वी कल्याण, हल्ली मुक्काम नाशिक, सासुरवाडीस. असईहून जीव घेऊन आलो. पुत्र चिरंजीव केशव, वय वर्षे चार. शेजारचा डाग चिरंजीवाने दौत लवंडली त्याचा. लेखन माझे."

खाली दुसऱ्या हातची एक ओळ होती. पुढच्याच वर्षी विठ्ठलपंत तापाने वारले.

"म्हणजे पळाले," भाऊ हळूच म्हणाले.

"पळाले म्हणून तुम्ही आहात," उपाध्ये म्हणाले. "उभे राहिले असते तर आज पुरणपोळी कोणाच्या नावाची खाणार होतो मी?"

"पण कोणी बोललं कसं नाही?"

"पळाले हे गाव एक वेळ पोटात घालेल हो. पण सासुरवाडीला घरजावई होऊन राहिले, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा मेलेले बरे, असं तुमच्या चुलत्यांनी ठरवलं असेल."

आधी खांदे, मग मिशा, मग सगळे भाऊ हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"घरजावई! आणि मी सत्तर वर्षं शूराची तिथी घालतोय! अरे, ती जेवणं पोचली कुठे?"

"भटांच्या पोटात," विमलाबाई म्हणाल्या. "तिथे तिथी विचारत नाहीत."

भाऊंनी वही मांडीवर ओढून घेतली. डाग मोठा होता, आणि त्याच्या कडेला चार इवली बोटं स्पष्ट उमटली होती. भाऊंनी आपला सुरकुतलेला पंजा त्यावर ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. उपाध्यांनी पान खराब होईल म्हणून तोंड उघडलं होतं. विमलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं.

त्र्यंबकराव तीन दिवस ओसरीवर बसून शंभर प्रतींत 'धारातीर्थी पडले' खोडून वर 'सुखरूप परतले' असं लिहीत होते. आयुष्यात इतक्या आनंदाने त्यांनी कुठलीच नोंद दुरुस्त केली नव्हती.

समारंभाच्या दिवशी भाऊ पाटावर बसले. नांदीश्राद्धात गुरुजींनी वडिलांचं नाव विचारलं.

"विठ्ठल!" भाऊ एवढ्या जोरात म्हणाले की मागच्या परसातली माणसं डोकावली. गुरुजी पुढे सरकणार, तोच पुन्हा, "विठ्ठल!" आणि तिसऱ्यांदा.

"भाऊ, एकदा पुरे असतं," गुरुजी म्हणाले.

"तुम्हाला पुरे, गुरुजी," भाऊ म्हणाले. "तुमचे वडील तुम्हाला लहानपणापासून भेटलेत. माझे परवा भेटले."