चालू की भंगार

चंद्रभानच्या बापानं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे पाइप मातीत पुरले, विहिरीवर इंजिन बसवलं आणि गावाला नळाचं पाणी पाजलं. बाप गेला, आणि अठ्ठ्याहत्तर साली नगरपालिकेनं नळयोजना ताब्यात घेतली. घेताना हारतुरे, अन् मोल ठरवायची वेळ आली तेव्हा पालिकेचा वकील कोर्टात म्हणाला, "हे भंगार आहे साहेब, किलोवर घेऊ." जज्जसाहेबांनी पाहणीला कोर्टाचा कमिशनर धाडला. योजना चालू दिसली तर चालूचा भाव, नाहीतर भंगाराचा.

पैसे चंद्रभानला हवेच होते. पण बापाच्या कमाईला कोर्टानं भंगार म्हणावं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

अडचण एकच. लाइनीच्या पार टोकाला धुरपताकाकूचा नळ. तिथं पाणी बकरीच्या मुताएवढं यायचं, आणि कमिशनर नेमका तोच बघणार होता.

चंद्रभान घरोघर हात जोडत फिरला. "उद्या सकाळी नळ बंद ठेवजो माय. सारा जोर काकूकडं गेला पायजे."

या गावानं नळ कधी बंद केलाच नव्हता. निम्म्यांना तोट्याच नव्हत्या. तरी कोणी चिंधी कोंबली, कोणी खुंटी ठोकली. चंद्रभानची बायको देवकाबाई म्हणाली, "काहो, लोकं येवढे चांगले काऊन वागून राह्यले? मले तं भेव वाटते."

सकाळी इंजिन धडधडलं. काकूच्या नळातून अशी धार सुटली की घागरच कलंडली. कमिशनर खुर्चीत बसून 'चालू' लिहायला लागला. चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ते रस्त्यातूनही आलं. आधी मारुतीपाशी, मग पालिकेपुढं, शेवटी कमिशनरच्या खुर्चीखालून. खुर्ची एकीकडं, साहेब एकीकडं.

"नळ खोला रे! पाइप फुटून राह्यले! खोला!" चंद्रभान बोंबलत धावला.

"नाई खोलत भाऊ!" दारातून रामाजी छाती ठोकून ओरडला. "जबान देल्ली तं देल्ली!"

सारं गाव शब्दाला जागलं. एकही पाइप वाचला नाही.

भिजलेल्या कमिशनरनं 'चालू' खोडून 'भंगार' लिहिलं.

महिन्याभरानं उकरलेले पाइप काट्यावर चढले. चंद्रभान बाजूला उभा होता. काटा खाली बसला तसा वकील पुढं आला.

"थांबा! आधी आतलं पानी झटका. पानी पालिकेचं हाये."

चंद्रभाननं बापाचा पाइप उचलला, उलटा केला आणि झटकला.