तरवडाखालची मंजुश्री

तरवड कोणी लावत नाही, त्याला कोणी पाणी घालत नाही. जानेफळ गावामागच्या मुरमाड माळावर तो आपला आपण वाढतो आणि पिवळ्याधमक फुलांनी भरून जातो. बाभळीचे काटे न सोडणारी शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. म्हणून तर माणिकरावांनी तान्हेपणीच गेलेल्या आपल्या लेकीला, मंजुश्रीला, तिथल्या एका तरवडाच्या बुडाशी पुरलं होतं.

तानाबाईला तिथं एखादा दगड हवा होता. पण नवरा हट्टी. "दगड ठेवला का कोनी तरी शेंदूर फासते, नारळ फोडते," माणिकराव म्हणाले. "आपन देव सोडले अन् आता पोरीचाच देव होऊ द्याचा का? तरवड हाये ना. त्याले ढोरं खात नाहीत."

पुढे धम्मदीप झाला. मेलेल्या बहिणीची सावली जित्या पोरावर कशाला, म्हणून त्याला कोणी काही सांगितलं नाही. माणिकराव गेले आणि ती जागा एकट्या तानाबाईला ठाऊक राहिली. पोळा झाला की सरपणाच्या नावानं ती माळावर जायची आणि घटकाभर तरवडापाशी बसून यायची. सरपण मात्र काडीभरही आणायची नाही. आपली लबाडी कोणाला कळत नाही, असं बिचारीला वाटायचं.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. धम्मदीपनं तिला मोटारसायकलवर बसवून माळावर नेलं. उतरली आणि तानाबाईला जागाच ओळखू येईना. सगळा माळ सपाट झाला होता. कडेला उपटलेल्या तरवडांचा ढीग पडला होता, त्यावरची फुलं सुकून गेली होती.

"जेसीबी लावून सारं झुडूप काढलं, माय," धम्मदीप म्हणाला. "तू दरसाल इथं उन्हात येऊन बसते, मले माईत हाये. म्हनलं, तुले सावली करावी. पह्यला कडुलिंब तुह्या हातानं लाव."

त्यानं खड्ड्यासाठी पहार उचलली. तानाबाईनं रागवावं तर कोणावर? पोरानं मायेपोटीच केलं होतं, आणि सांगायचं तर तिनंच सांगितलं नव्हतं.

"पहार ठेव, बाबा."

"काऊन?"

"तुही मोठी बहीण हाये इथं. मंजुश्री. तुह्या आंधी झालती."

धम्मदीपनं हळूच विचारलं, "कुठं?"

तानाबाईनं नाल्याकडून पाहिलं, वाटेकडून पाहिलं. चार पावलं इकडं गेली, चार तिकडं. सगळीकडे सारखाच लाल मुरूम होता.

"तरवडाखाली," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

धम्मदीपनं पहार खाली ठेवली. चपला काढून हातात घेतल्या. आईला धरायला जावं म्हणून त्यानं पाऊल उचललं, पण ते टेकवावं कुठं हे त्याला कळेना.