चाळीस फुटांचं वळण

बाबांनी डिसेंबरात ऑटोक्रॉसचे दोन फॉर्म आणले होते. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी. मातीच्या मैदानात झेंड्या रोवायच्या, त्यांच्यामधून एकेका गाडीनं नागमोडी वळत जायचं, आणि झेंडी न पाडता कमीत कमी वेळात बाहेर पडायचं, एवढाच तो खेळ. चंद्रपुरात तो पहिल्यांदाच होणार होता, १९८५च्या एप्रिलात. आपल्या फॉर्मवर बाबांनी लगेच जीपचा नंबर लिहून टाकला. माझ्या फॉर्मवरचा गाडीचा रकाना रिकामा ठेवून म्हणाले, "जीप माही हाय. तू तुही पाह्य."

जानेवारीत ते गेले. पुण्यानुमोदनाला आलेल्या त्यांच्या जोडीदार ड्रायव्हरांपैकी प्रत्येकानं मला सांगितलं, आता दादाजीची जीप तूच पळव. मी मान हलवली. त्या दिवशी मी सगळ्यालाच मान हलवत होते.

बाबा, म्हणजे दादाजी ड्रायव्हर, तीस वर्षं जंगल खात्याच्या गाडीवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावातली एक जीप घेतली आणि सोमाजीभाऊ मिस्त्रींबरोबर आमच्या अंगणात ती पुन्हा उभी केली. आमच्या भागातल्या कच्च्या रस्त्यांवर बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. जीप बैलगाडीपेक्षा अरुंद. तिचं एक चाक चाकोरीत उतरतं, दुसरं वर राहतं आणि गाडी तिरपी चालते. म्हणून या दोघांनी जीपच्या रिमा उलट्या बसवल्या. चाकं बाहेर सरकली आणि बरोबर चाकोरीत बसू लागली. अशी जीप पंचक्रोशीत दुसरी नव्हती. सोमाजीभाऊंना तिचा अभिमान बाबांपेक्षा काकणभर जास्तच होता.

फॉर्म मार्चच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. मी तेव्हा गडचिरोलीला ग्रंथालयात नोकरीला होते. त्याआधीच्या शनिवारी एसटीनं गावी आले. रविवारी सकाळी आम्ही जीप घेऊन गावच्या कोरड्या पडलेल्या तळ्यात, बोडीत, उतरलो. माझा मामेभाऊ हरिदास त्याची फियाट घेऊन आला. मूल गावापासून चंद्रपूरपर्यंत तो तिच्यात सवाऱ्या वाहत असे. तमाशा बघायला आलो, असं त्यानं आल्या आल्या जाहीर केलं.

सोमाजीभाऊंनी पहाटेच येऊन बांबूच्या दहा काड्या रोवल्या होत्या. मी जीप घातली. एकही काडी न पाडता बाहेर आले.

"पाह्यलं?" सोमाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. "दहा लावा का शंभर, ह्या गाडीले फरक नाई पडत."

"बैलासारखी वळली भाऊ," हरिदास फियाटच्या बॉनेटवरून म्हणाला. "फक्त गळ्यात घाटी बांधाची राह्यली."

मला मात्र सगळं जरा जास्तच सोपं गेलं होतं. फॉर्ममागचे नियम मी तीनदा वाचले होते. मी उतरले आणि पिशवीतली टेप काढली.

"भाऊ, दोन काड्यांत अंतर किती धरलं?"

"किती म्हंजे? जुपलेली बैलगाडी वळते तेवढं."

मोजलं तर बासष्ट फूट भरलं. फॉर्मवर चाळीस होतं. सोमाजीभाऊंनी काही लपवलं नव्हतं. वळण म्हटलं की त्यांच्या मनात बैलांची जोडी, धुरी आणि मागे गाडी असं सगळं एकदम येई, आणि त्याहून कमी जागेत कोणी शहाणा माणूस वळेल असं त्यांना वाटतच नव्हतं.

"हा कागद लिवणाऱ्यानं जिंदगीत कधी गाडी हाकलली का?" त्यांनी विचारलं.

"तो मैदानात भेटेल, तेव्हा विचारू," मी म्हटलं आणि काड्या उपटल्या.

चाळीस फुटांवर जीपनं चार काड्या आडव्या केल्या. उलट्या रिमांमुळे स्टेअरिंग जड होतं. प्रत्येक खड्ड्याला ते हातात उलटं फिरे. तिसऱ्या वळणाला माझा अंगठा मुरगळला. हरिदासच्या मनगटी घड्याळात एक मिनिट एक्केचाळीस सेकंद झाले होते. मी पुन्हा घातली. एक्केचाळीसच, आणि काड्या पाच.

"आता माही नेऊन पाह्य," हरिदास म्हणाला. "पण हळू. बंपर वाकला तं तुह्या मामाले सांगन का पोरगी पिसाट झाली."

"तुझ्या बापालाच सांगशील ना? सांग."

फियाटचा गिअर स्टेअरिंगखाली. सीट बाकासारखी सलग, त्यामुळे वळताना मी दरवाजापासून पार मधोमध घसरत गेले. तरी गाडी बोट दाखवावं तशी वळत होती. एक काडी पडली, तीही मी घसरले म्हणून. एक मिनिट बावीस.

हरिदासनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. बंद पडलंय की काय, अशी त्याला शंका आली होती.

सोमाजीभाऊ पडलेली काडी उचलून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "रिमा सुलट्या करतो. एका घंट्याचं काम हाय."

याचा विचार मी आदल्या आठवड्यातच केला होता. "सुलट्या केल्या की ती अरुंद होईल भाऊ, आणि उंच तर ती आहेच. चाळीस फुटांत जोरानं वळवली की एक बाजू उचलेल. जिवतीच्या घाटात साहेबांची जीप कशी पडली, ते तुम्हीच मला सांगितलंय."

ते त्यांना पटलं होतं, म्हणूनच त्यांनी विषय बदलला. "लोकं काय म्हनतीन? सारे ड्रायव्हर येऊन राह्यले पाह्याले. दादाजीच्या पोरीनं बापाची गाडी सोडली, म्हनतीन."

"म्हणू द्या."

"तुले काईच वाटत नाई, शीला?"

वाटत होतं. जीपची सीट अजून बाबांच्या खाचेत होती. माझे पाय क्लचपर्यंत नीट पोचत नव्हते, म्हणून पाठीशी मी उशी घेतली होती. सीट पुढे ओढली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही. निर्णय एकोणीस सेकंदांवर झाला होता, आणि तेवढंच मी सांगितलं. सोमाजीभाऊंनी काडी टाकली आणि पायीच घरी निघून गेले. मी हाक मारली, पण ते वळले नाहीत.

आई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"लग्नानंतर मले आनाले तुह्या बापाले साहेब जीप देऊन राह्यले होते," ती म्हणाली. "यानं नाई घेतली. भाड्याची रेंगी आनली, दोन बैलांची. मले इतका राग आला! साऱ्या गावात सांगून ठेवलं होतं, नवरा जीप घेऊन येते म्हनून. काऊन म्हनलं, तं म्हने, नाल्यात गाळ हाय, रेंगीच निंगन."

"निघाली?"

"निंगाली. मी मात्र नदीपर्यंत बोलली नाई."

सोमवारी मी चंद्रपूरला जाऊन फॉर्म दिला. रकान्यात फियाट लिहिलं. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, बायकांसाठी वेगळा गट नाही. मी म्हटलं, लागत नाही.

सोमाजीभाऊ दहा दिवस फिरकले नाहीत. हरिदासनं नागपूरच्या भंगारबाजारातून सीटचा पट्टा आणला, पण तो बसवायला आम्हाला कोणी मिस्त्री सापडेना. म्हणजे सोमाजीभाऊंना सोडून दुसऱ्याकडे जायची आमची हिंमत होईना. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी मी बाहेर आले, तर ते फियाटच्या टपावरचं कॅरियर सोडवत होते. स्टेपनी आणि मागची सीट आधीच जमिनीवर होती.

"भाऊ, परत लावून द्यान ना?" हरिदास कळवळून म्हणाला. "सवारीचं सामान का मी डोस्क्यावर घेऊ?"

"तुह्या सवाऱ्या मोहाचे पोते घेऊन बसतेत. गाडीले वास येऊन राह्यला. चांगला वारा लागू दे." मग माझ्याकडे न बघता, "बस वं पोरी. पट्टा किती लांब पाह्यजे ते पाहू दे."

त्यांनी पट्टा बसवला, ओढून पाहिला, पुन्हा उघडून दोन बोटं आत घेतला. चाकांतली हवा थोडी कमी केली. दुपारपर्यंत आम्ही गाडीबद्दलच बोललो.

मैदानात सतरा गाड्या होत्या, प्रत्येकीला दोन फेऱ्या. सकाळी सातलाच ऊन टोचत होतं. बाबांचे सोबती दोरीपलीकडे ओळीनं उभे होते. त्यांतले दोघे फियाट पाहून काहीतरी पुटपुटले. माझ्या आधी एक जीप गेली आणि सहा झेंड्या घेऊन बाहेर आली. मी हेल्मेट घातलं. निशाण पडलं आणि मी निघाले. पट्ट्यानं मला जागेवर धरलं होतं, गाडी सांगेल तशी वळत होती. झेंडी एकही पडली नाही. भोंग्यातून आवाज आला, एक मिनिट एकोणीस, आतापर्यंत तिसरा क्रमांक.

दोरीखालून वाकून सोमाजीभाऊ आले. खिडकीशी उभे राहून त्यांनी दुपट्ट्यानं समोरची काच पुसली.

"चौथ्या झेंडीवर गाडी उशिरा तोडली तू."

"दुसऱ्या फेरीत लवकर वळवते."

"आन् शेवटी गिअर काऊन बदलला? दुसऱ्यातच ऱ्हाय. इंजिन ओरडलं तं ओरडू दे."

"हरिदास रडेल."

"रडू दे त्याले. दोन शेकंद तिथीच पडून हायेत, घेऊन ये."