शेपटीचे टोक

तो साप मारला की लांब होत असे. कोयत्याचा पहिला घाव मी मानेवर घातला. मान निम्मी तुटली, रक्त भिंतीवर उडाले आणि साप हातभर वाढला. दुसऱ्या घावाला तो आणखी हातभर वाढला. मृत नमुने टिकवायच्या फॉर्मलिनची सुई टोचली, तेव्हाही वाढला.

तिलारीच्या जंगलातील त्या खोलीत आम्ही तिघे होतो: मी, माझी सहकारी शर्वाणी आणि वाट दाखवायला आलेला गुणाजी. सापाची जात नवी होती, याविषयी शर्वाणीला आणि मला शंका नव्हती. मात्र जातीला नाव मिळण्यासाठी एक संपूर्ण, मृत नमुना लागतो, आणि शेपटीखालचे खवले टोकापर्यंत मोजावे लागतात. टोक दर घावासरशी दूर जात होते. ते धरायला शर्वाणी वेटोळ्यांमधून रांगत पलीकडे गेली.

"सायबानू, तुमी तेका मारतास काय वाढयतास?" गुणाजी तंबाखू मळत म्हणाला.

मी पुन्हा घाव घातला. या वेळी वाढलेला भाग गुणाजीच्या गळ्याभोवती गेला. हाड मोडल्याचा आवाज आला. मळलेली तंबाखू त्याच्या तळहातावर तशीच राहिली. वेढा तोडण्यासाठी मी सलग घाव घातले, त्यामुळे आधी दार बुजले, मग खिडकी.

पलीकडून शर्वाणीचे मोजणे ऐकू येत होते. ते थांबले.

"अच्युत, कोयता ठेव. तो माझ्या छातीपर्यंत आलाय. तू थांबलास की सैल होतो."

"जिवंत सापाला नाव देता येत नाही," मी म्हणालो. "तुझंच नाव देणार आहे."

"मला नाव नको. श्वास हवाय."

मी कोयता खाली ठेवला. वेढे सैल झाले. तिने घेतलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. सापाने अर्धवट तुटलेली मान माझ्या पायावर टेकवली आणि डोळे मिटले.

सापांना पापण्या नसतात. याला होत्या. असा नमुना पुन्हा मिळणार नव्हता.

मी कोयता उचलला आणि त्याच्या कवटीत रुतवला. सगळे वेढे एकदम आवळले गेले. मग साप हलला नाही.

मी त्याच्या अंगावरून सरपटत पलीकडे गेलो. शर्वाणीची छाती सपाट झाली होती. शेपटीचे टोक तिच्या मुठीत होते, आणि तिचा अंगठा एका खवल्यावरून पुढच्या खवल्यावर सरकत होता. ओठही हलत होते. आकडा ऐकण्यासाठी मी कान जवळ नेला.