जाळायची राहून गेलेली टोपली

मित्रांनो, कोंबडी ज्यात अंडी उबवायला बसते अशी बांबूची टोपली मी, वयाने फार जुनी. आमच्यासारख्या टोपल्यांचे आयुष्य चार-पाच वर्षांचे असते. मी वीस वर्षांहून अधिक जगले आणि त्यातच सगळा घात झाला. कसा, ते ऐका.

माझा जन्म जावा बेटावर, सुम्बिंग डोंगराच्या उतारावर, तंबाखू पिकवणाऱ्या एका गावात झाला. मला जुमादीने विणले. त्याने कोरड्या दिवसांत बांबू तोडला, कीड लागू नये म्हणून महिनाभर तळ्याच्या चिखलात बुडवून ठेवला आणि मग त्याच्या पातळ कामट्या काढल्या. तो मला अंगणात बसून विणायचा, तेव्हा शेजारचा दार्मो कुंपणावर हनुवटी टेकवून म्हणायचा, "काय रे, कोंबडीसाठी एवढं नाजूक विणकाम? बायकोसाठी एखादी चटई तरी विणलीस का कधी?"

"बायको एका जागी बसते कुठे?" जुमादी म्हणायचा. "कोंबडी निदान एकवीस दिवस बसते."

आतून त्याची बायको वागियेम ओरडायची, "मी बसले तर चूल कोण पेटवणार? तो दार्मो?"

अशा थट्टेत मी पुरी झाले. तोंडाला रुंद, बुडाला निमुळती. जुमादीने मला स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, वळचणीखाली, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर टांगले आणि कोंबडीला चढायला एक तिरपी काठी लावली.

त्या घरात काळ्या कोंबड्या होत्या. त्यांची पिसे, तुरा, पाय, इतकेच काय, जीभसुद्धा काळी. वागियेम लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईने असली एक कोंबडी तिच्या ओटीच्या कापडात गुंडाळून दिली होती. पुढच्या सगळ्या त्याच कोंबडीच्या लेकी आणि नाती. वागियेमजवळ सोने नव्हते, शेतही दुसऱ्याचे. माहेरचे म्हणून दाखवावे असे तिच्याकडे एवढेच होते.

अंडी बसवावीत तर वागियेमनेच. ती अंडी तांदळाच्या मडक्यात जपून ठेवी. फार लांबट आणि फार गोल अंडी ती कालवणाला काढी, मधली तेवढी उबवायला ठेवी. माझ्या तळाशी तंबाखूचे वाळके देठ, म्हणजे पिसवा होत नाहीत. त्यावर मऊ पेंढा, पेंढ्यात एक गंजका खिळा. खिळ्याने मेघगर्जनेत पिल्ले दगावत नाहीत, असे त्या घरात मानत. अंडी नेहमी विषम. सातव्या दिवशी ती एकेक अंडे मुठीत धरून दिव्यापुढे नेई आणि आत लाल रेघा दिसल्या की स्वतःशीच हसे.

मला ते दिवस फार आवडत. कोंबडी दिवसातून एकदाच खाली उतरायची, घाईघाईने कोंडा टिपायची, राखेत अंग घुसळायची आणि अंडी गार व्हायच्या आत परत यायची. एकविसाव्या दिवशी माझ्या कामट्यांना अंड्यांच्या आतली बारीक टकटक जाणवे. त्या एका टकटकीची मी वर्षभर वाट पाहायची. कोणी बाई आली की वागियेमला म्हणायची, "तुझ्या टोपलीत अंडं वाया जात नाही बघ." तेव्हा मी मनात फुलून यायची.

एका तंबाखूच्या हंगामात जुमादी तापाने गेला. त्यानंतर वागियेम येता-जाता माझ्या काठावर उगीच हात ठेवी. पेंढा जुना झाला तर बदली, कामटी सुटली तर स्वतःच्या हाताने बांधी. टोपली बदल, असे तिला कोणी म्हटले की ती "हो, बदलू की" म्हणे आणि मी तिथेच राही.

त्यांची एकुलती एक मुलगी लास्त्री. तिचे लग्न हार्जोशी झाले आणि त्याला सुमात्रावर सरकारी जमीन मिळाली. समुद्र ओलांडून जायचे, परत कधी येणार ठाऊक नाही. वागियेमने ठरवले की आपल्या आईने दिली तशीच काळ्या पिल्लांची जोडी लेकीबरोबर द्यायची. पण त्या वर्षी घरात एकच काळी कोंबडी उरली होती, बाकीच्या उदमांजराने नेल्या होत्या. तिची अकरा अंडी वागियेमने माझ्यात बसवली. मित्रांनो, त्या अकरा अंड्यांत तिचे सगळे माहेर होते.

तेराव्या दिवशी यू पोनिरा आली. यू म्हणजे थोरली बहीण. ही जुमादीची बहीण, दोन टेकड्यांपलीकडे राहणारी. तिच्या खांद्यावरच्या झोळीतून दोन कबऱ्या कोंबड्यांची डोकी बाहेर आली होती.

"आमच्याकडे कोंबड्यांवर मानमोडी आलीय गं," ती पाय धुता धुता म्हणाली. "निम्म्या गावाची खुराडी रिकामी झाली. ह्या दोन धडधाकट आहेत. म्हटलं, वागियेमकडे ठेवाव्यात चार दिवस. तुझं अंगण स्वच्छ."

वागियेमचा हात चहाच्या भांड्यावर थांबला. मला वरून सगळे दिसत होते. तिला कळत नव्हते असे नाही. पण ती म्हणाली, "ठेवा की, यू. घर तुमचंच आहे."

पोनिरा चुलीपाशी आडवी झाल्यावर लास्त्रीने आईला मागच्या भिंतीशी, माझ्याच खाली, गाठले. आमच्याकडे आईला म्बोक म्हणतात आणि लेकीला न्दुक.

"म्बोक, डोकं फिरलंय का तुझं? आजारी गावातल्या कोंबड्या! आणि इथे काळी बसलीय!"

"हळू बोल, न्दुक. ऐकेल ती."

"ऐकू दे! परत ने म्हणावं."

"तुझ्या बापाची थोरली बहीण दारात येते आणि मी तिला परत ने म्हणू? हे तोंड आहे का माझं?"

"मग निदान लांब बांधून ठेव. तीन आठवडे, त्या कुंपणाशी."

"ती काय म्हणेल? माझ्या कोंबड्यांना वाळीत टाकलं म्हणेल."

"म्हणू दे!"

"तू म्हण मग," वागियेम म्हणाली.

लास्त्री आत गेली. आत्यासमोर बसली, तिच्या कपात साखर घातली आणि विचारले, "आत्या, अजून एक केळं घेता?" 

दुसऱ्या दिवशी काळी कोंडा खायला खाली उतरली आणि एक कबरी काठी चढून थेट माझ्यात येऊन बसली. तिचे डोळे पाणावलेले होते, चोचीतून चिकट गळत होते. मी काय करणार? मला हात नाहीत. मी वाऱ्याने करकरले तेवढेच. काळी परत आली, तिने कबरीला टोचून हाकलले आणि त्याच ओल्या पेंढ्यावर पोट टेकून बसली.

सतराव्या दिवशी ती कबरी मेली, तिच्यामागोमाग दुसरीही. अठराव्या दिवशी काळी खायला उतरलीच नाही. तिने कधी माझ्यात घाण केली नव्हती. त्या दिवशी अंड्यांवर हिरवट पाणी होते. एकोणिसाव्या दिवशी सकाळी तिची मान उलटी पिळवटली होती आणि ती अंड्यांवर पंख पसरून मेलेली होती. तिची ऊब मात्र अजून गेली नव्हती.

वागियेमने तिला उचलले, अंड्यांना हात लावला आणि लुगड्याच्या ओच्यात सगळी अकराही घेऊन धावत सुटली. दार्मोकडे लाल तोंडाचे थोराड बदक अंड्यांवर बसले होते.

"माझं बदक म्हणजे काय धर्मशाळा आहे का?" दार्मो म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याने अंडी पुसायलाही घेतली होती आणि एकेक बदकाच्या पोटाखाली सरकवतही होता. "बस गं बाई, पाहुणे आलेत."

त्यातल्या सातांतून पिल्ले निघाली. ती टकटक मला ऐकायला मिळाली नाही. मी इकडे भिंतीवर रिकामी होते.

मग सरकारी दवाखान्यातला जनावरांचा माणूस आला. मेलेल्या कोंबड्या त्याने चुना टाकून पुरायला लावल्या. "पेंढा जाळा," तो म्हणाला, "आणि ही टोपली तर आधी जाळा. कामट्यांच्या फटीत रोग दडून बसतो."

"हो, जाळते," वागियेम म्हणाली.

तिने पेंढा जाळला. मला खाली उतरवले, आगीजवळ नेले आणि तशीच उभी राहिली. नंतर तिने मला राखेने घासले आणि माळ्यावर, तंबाखू वाळवायच्या तट्ट्यांमागे लपवून ठेवले. अंधारात मला माझ्याच फटींतली घाण जाणवत होती. मित्रांनो, आपण कुणाचे तरी मरण अंगात घेऊन पडलो आहोत हे कळावे आणि सांगता येऊ नये, याहून वाईट काय असेल?

पाच आठवड्यांनी लास्त्री निघाली. बस दारात उभी होती. दोन नर, दोन माद्या, चार काळी पिल्ले निवडून वागियेमने ती माझ्यात ठेवली आणि वरून जाळी बांधली.

"म्बोक, ही टोपली तर जाळायला सांगितली होती ना?"

"राखेनं घासलीय चांगली. तुझ्या बापाच्या हातचं एवढंच उरलंय, न्दुक. घेऊन जा."

लास्त्रीने माझ्याकडे पाहिले, मग आईच्या तोंडाकडे पाहिले. फेकून दे मला, मी मनात ओरडत होते, खोक्यात ने पिल्लांना, ओच्यात ने. लास्त्रीने मला मांडीवर घेतले आणि म्हणाली, "बरं."

बसमध्ये आणि बोटीवर पिल्ले माझ्या उबेला बिलगून झोपली. नव्या घरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी एकाने मान टाकली. आठवड्यात चारही गेली. हार्जोने त्यांना घरामागे पुरले आणि लास्त्री त्या रात्री जेवली नाही. तिने मला घासून घासून धुतले, पण तिच्यानेही मला जाळवले नाही. आता माझ्यात लसूण असतो.

वागियेमला वाचता येत नाही. तिची पत्रे दार्मो लिहितो. पहिल्याच पत्रात तिने विचारले होते, "पिल्लं कशी आहेत?" लास्त्रीने उत्तर पाठवले, "चांगली आहेत." पुढे, "अंडी घालायला लागली." त्याच्या पुढे, "एक खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे." खोटे लिहिताना ती माझ्याकडे पाठ करून बसायची.

दोन वर्षांनी परवा एक पत्र आले. लास्त्रीने ते हार्जोला मोठ्याने वाचून दाखवले. "तू गेल्यावर इथली तिन्ही पिल्लंही मानमोडीनंच मेली. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नव्हतं. यू पोनिरा येते, केळी आणते, त्याबद्दल एक शब्द काढत नाही आणि मीही नाही काढत. आता दृष्टी कमी झाली, पण हात शाबूत आहेत. सुगीनंतर आपल्या गावचा माणूस तिकडून येणार आहे. त्याच्याबरोबर एक काळी जोडी पाठव. परत सुरू करीन."

"सांगून टाक आता," हार्जो म्हणाला.

"म्हातारी मरेल ऐकून."

"आणि तो माणूस रिकाम्या हातानं गेला म्हणजे?"

 लास्त्रीने कागद घेतला, पेनचे टोपण चावले आणि लिहिले, "हो म्बोक, पाठवते."

मित्रांनो, तुमच्या अंगणात बाहेरची कोंबडी आली, मग ती कितीही जवळच्या माणसाने आणलेली असो, तिला तीन आठवडे वेगळी ठेवा. ज्या टोपलीत रोगाने कोंबडी मेली ती जाळा, कितीही प्रेमाच्या हातांनी विणलेली असली तरी. राग येईल, रुसवा येईल, येऊ द्या. मी वीस वर्षे माणसांची बोलणी ऐकली आहेत. "नाही" हा शब्द मला म्हणता येत नाही. तुम्हाला येतो. वेळेवर म्हणत जा.