हिरवागार तुकडा

"मॅडम, बाटलीतलं शेवाळ आता समुद्रातल्यासारखं राहिलेलं नाही," माझी विद्यार्थिनी चाचरत म्हणाली. लाटांचा मार सोसायला लागणारी चार जनुकं त्यात निकामी झाली होती.

मी भडकलेच. ते शेवाळ अठ्ठावीस वर्षांपूर्वी मीच खडकावरून खरवडून आणलं होतं. सगळे त्यालाच मूळ नमुना मानतात आणि माझं सगळं काम त्यावर उभं आहे. तिने केलेली चाचणी मी स्वतः तीनदा करून पाहिली. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

चूक माझ्याच हातची होती. दर पंधरवड्याला नव्या पाण्यात सोडायला मी सगळ्यांत हिरवागार, लुसलुशीत तुकडा निवडायची. जपते आहे असं वाटत होतं, पण मी त्याला लाडावून ठेवलं होतं.

"तुमच्या निवृत्तीला दोनच महिने राहिलेत. नंतर जाहीर करू," ती म्हणाली.

"म्हणजे मी गेल्यावर बाटली तुझ्या ताब्यात असेल आणि खापर तुझ्या डोक्यावर फुटेल? आजच लिही. शोध तुझ्या नावावर, चूक माझ्या."

मग मी कपाटामागून जुने गमबूट ओढून काढले.

"ओहोटी कितीला आहे बघ. या वेळी तुकडे तू उचल, तेही डोळे मिटून. माझ्या हाताला देखणं तेवढंच उचलायची खोड आहे."